‘दम्याने वारले’ म्हणजे नेमके कशाने वारले?



वसई-विरारमध्ये कष्टकरी माणूस दोन प्रकारे गुदमरून मरतो. एक मरण पाच मिनिटांचे असते. एप्रिल 2024 मध्ये विरारच्या ग्लोबल सिटीत सांडपाणी प्रक्रिया केंद्रात उतरलेले चार कामगार असेच गेले. या मरणाला किमान नाव आहे. त्यासाठी 2013 चा कायदा आहे, ऑक्टोबर 2023 चा सर्वोच्च न्यायालयाचा तीस लाखांच्या भरपाईचा निकाल आहे आणि रस्त्यावर उतरणारे आपले कार्यकर्ते आहेत.

दुसरे मरण वीस वर्षांचे असते. माणूस क्रशरवर, आरएमसी प्लांटवर, वालीव-सातिवलीच्या गाळ्यात ग्राइंडिंगवर, कचऱ्याच्या गाडीवर किंवा वीटभट्टीवर राबतो. पस्तिशीत खोकला लागतो. चाळिशीत नालासोपारा स्टेशनचा पूल चढताना दोनदा थांबावे लागते. पंचेचाळिशीत पाय सुजतात, ओठ निळे पडतात. पन्नाशीच्या आत भिंतीवर फोटो लागतो आणि भेटायला येणाऱ्यांना घरचे सांगतात, ‘दम्याने वारले.’ पंचनामा नाही, गुन्हा नाही, भरपाई नाही, मोर्चाही नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की ‘दम्याने वारले’ या दोन शब्दांत मालक सुटतो, ठेकेदार सुटतो, महापालिका सुटते आणि सरकारही सुटते. अडकतो फक्त मेलेला माणूस, कारण लगेच कोणीतरी विचारतो, ‘बिडी पीत होता ना?’ म्हणून आजाराचे खरे नाव कागदावर आणणे हे डॉक्टरांचे काम आहे तितकेच चळवळीचेही आहे. ‘हा वैद्यकीय विषय आहे, आपला नाही’ असे म्हणणाऱ्या आपल्याच साथींशी मला या लेखात भांडायचे आहे.

आधी बिडीचा हिशोब

बिडी-सिगारेट वाईटच. ती सोडा, हे आपण वस्तीत ठणकावून सांगितलेच पाहिजे. पण बिडीच्या आड धूळ लपवायची परवानगी कोणाला देऊ नये. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले की जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी 25 ते 45 टक्के लोकांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेलेच नाही. चुलीचा धूर, कामावरची धूळ आणि वायू, जुना टीबी, लहानपणचे न्यूमोनिया ही त्यांची कारणे. अमेरिका आणि युरोपच्या छातीरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी 2019 मध्ये एकत्रित निवेदन काढले. त्यांच्या हिशोबाने सीओपीडीचा सुमारे 14 टक्के भार थेट कामाच्या ठिकाणाहून येतो. हा जगाचा सरासरी आकडा आहे. त्या सरासरीत वातानुकूलित कचेरीतला साहेबही मोजला जातो आणि क्रशरखाली उभा असलेला मजूरही. तुमच्या वस्तीची सरासरी काय असेल, याचा विचार करा.

आपल्या बायकांनी तर बिडीही ओढलेली नसते. वर्षानुवर्षे चूल फुंकायची, पहाटे रस्ता झाडायचा, गोखिवरेच्या डम्पिंगला आग लागली की त्या धुरात कचरा वेचायचा. तरी दवाखान्यात गेल्यावर ‘ॲलर्जी आहे’ म्हणून गोळ्या मिळतात.

ही वाटणी लॉटरीने झालेली नाही

काही मित्र म्हणतील, धूळ जात बघून फुप्फुसात शिरत नाही, हा वर्गाचा प्रश्न आहे, यात जात कशाला? धूळ जात बघत नाही हे खरे. पण धुळीत कोणाला उभे करायचे हे ठरवणारा माणूस जात बघतो.

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास आठवा. विणकाम खात्यात पगार चांगला होता आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोटा भरताना धागा तोंडाने ओढावा लागे, तो विटाळेल! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या तोंडावर ठेवला. आपण तो आजवर पगाराचा आणि मानाचा प्रश्न म्हणून वाचला. आता फुप्फुसाचा प्रश्न म्हणूनही वाचा. गिरणीत कापसाची सर्वात जास्त धूळ कापूस फोडण्याच्या आणि पिंजण्याच्या खात्यांत असते, सूतकताईत त्याखालोखाल आणि विणकामात त्याहून कमी. म्हणजे ज्या खात्याचे दार बंद केले, तेच तुलनेने स्वच्छ हवेचे खाते होते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसचा अभ्यास पुढे केईएमच्या डॉ. एस. आर. कामत यांच्या चमूने मुंबईच्या गिरण्यांत केला. पण तोवर एक पिढी खोकून संपली होती.

1936 मध्ये बाबासाहेबांनी श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक उलगडला. 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू नाव घेऊन सांगितले. वसई-विरारच्या पूर्व पट्ट्यात हे दोन शत्रू आजही एकाच गाडीतून फिरतात. सफाईच्या ठेक्यावर कोण आहे? वीटभट्टीवर कुटुंबासकट राबणारा कातकरी कोण आहे? नाक्यावर सकाळी सात वाजता उभा असलेला मराठवाड्याचा बौद्ध आणि मातंग, उत्तर प्रदेशचा दलित आणि पसमांदा मुसलमान, जव्हार-मोखाड्याचा वारली कोण आहे? या सगळ्यांची फुप्फुसे एकाच रंगाची होत चालली आहेत. स्वतंत्र मजूर पक्ष ज्या एकजुटीसाठी निघाला होता, ती एकजूट एक्स-रेच्या काचेवर आधीच झालेली आहे. आपण ती रस्त्यावर आणायची आहे.

एकच शिक्का, अनेक आजार

‘दमा’ या एका शब्दाखाली किमान चार वेगळे आजार दडपले जातात. खरा दमा, ज्यात नळ्या आवळतात आणि औषधाने बऱ्याच मोकळ्या होतात. सीओपीडी, ज्यात नळ्या कायमच्या अरुंद होतात. सिलिकोसिससारखे धुळीचे आजार, ज्यात फुप्फुसात गाठी आणि व्रण होतात, आणि काम सोडल्यावरही ते वाढू शकतात. आणि टीबी बरा झाल्यावर मागे राहिलेले फाटके फुप्फुस.

चौथा प्रकार आपल्या वस्त्यांत सर्वात जास्त दुर्लक्षित आहे. सहा महिन्यांचा कोर्स संपला की सरकारी वहीत रुग्ण ‘बरा’ होतो. त्याला पूल चढवत नाही, हे त्या वहीत लिहायला रकानाच नसतो. दोन वर्षांनी पुन्हा खोकला वाढतो, एक्स-रेवर जुने डाग दिसतात आणि थुंकीची तपासणी न करताच टीबीची औषधे पुन्हा सुरू होतात. असे दोन-तीन कोर्स केलेली माणसे तुमच्या गल्लीत सापडतील. सिलिका साचलेल्या फुप्फुसात टीबीही सहज घर करतो, म्हणून एकाच माणसाला दोन्ही आजार असू शकतात. तेव्हा दोन्ही तपासा. थुंकीची सीबीनॅट चाचणी मागा. ‘डाग दिसतो’ एवढ्यावर समाधान मानू नका.

यांतला फरक ओळखायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. जोरात फुंकायची स्पायरोमेट्री ही पहिली चाचणी. पंप दिल्यावरही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या 70 टक्क्यांहून कमी असेल, तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्या आहेत. मग छातीचा एक्स-रे, गरज पडली तर सीटी स्कॅन, आणि सहा मिनिटे चालवून ऑक्सिजन किती उतरतो ते बघणे.

पण या सगळ्याआधी एक फुकटची चाचणी आहे: ‘दादा, काम काय करता?’ हा प्रश्न. 1700 साली इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या डॉक्टराने सांगितले की रुग्णाला त्याचा धंदा विचारल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. त्याला हे सुचले कुठून? त्याच्या घरचा मैला साफ करायला आलेल्या माणसाशी बोलताना. कामगारांच्या आजारांचे शास्त्र जगात जन्मले ते एका सफाई कामगाराच्या उत्तरातून! आणि तीनशे वर्षांनी सफाई कामगाराच्याच केस पेपरवर वय असते, वजन असते, धंद्याची जागा कोरी असते.

हाताचे बीपी आणि फुप्फुसाचे बीपी

आता त्या सुजलेल्या पायांकडे या. फुप्फुस खराब झाले की रक्तात ऑक्सिजन कमी पडतो. ऑक्सिजन कमी मिळालेल्या भागातल्या रक्तवाहिन्या आकसतात, काही तर नष्टच होतात. उरलेल्या अरुंद वाटेने सगळे रक्त ढकलायचे काम हृदयाच्या उजव्या बाजूवर पडते. फुप्फुसातल्या रक्ताचा हा वाढलेला दाब म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन. उजवे हृदय आधी फुगते, मग थकते. पाय सुजतात, पोट फुगते, मानेच्या शिरा तटतटतात, चालताना चक्कर येते.

दंडाला पट्टा बांधून मोजलेल्या बीपीत हे दिसत नाही. ‘तुमचे बीपी नॉर्मल आहे’ हे वाक्य इथे काहीच सांगत नाही. संशय आला की हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी एको करावी लागते. पक्के निदान हृदयात नळी घालून दाब मोजल्यावरच होते. विश्रांतीत सरासरी दाब 20 मिमीहून जास्त असेल तर तो वाढलेला मानतात. आधी ही मर्यादा 25 होती, ती 2018 च्या जागतिक परिषदेत खाली आणली गेली.

दाब वाढण्याची कारणे पाच गटांत मांडतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. लहानपणच्या सांधेतापाने बिघडलेली हृदयाची झडप हेही कारण असते, आणि हा सांधेताप दाटीवाटीच्या वस्त्यांचाच आजार आहे. पालघरच्या आदिवासी पाड्यांत आढळणारा सिकलसेल हेही कारण असू शकते. फुप्फुसात अडकून राहिलेल्या रक्ताच्या गुठळ्या हेही कारण असते, आणि अशा काही रुग्णांचा आजार तर शस्त्रक्रियेने मुळातून बरा होऊ शकतो. तो माणूस ‘दमा’ म्हणून पंप ओढत मेला, तर तो निव्वळ निष्काळजीपणाचा बळी आहे.

फुप्फुसाच्या आजारातून दाब वाढला असेल, तर इलाज मूळ फुप्फुसाचाच करावा लागतो. धूळ आणि धूर बंद, योग्य पंप योग्य पद्धतीने, सूज उतरवायची औषधे, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी, सांगितलेला व्यायाम, आणि ऑक्सिजन खरोखर कमी असेल तर रोज किमान 15 तास ऑक्सिजन. ‘पंपाची सवय लागते’ ही अफवा वस्तीतून हद्दपार करा. आणि कोणी परस्पर ‘फुप्फुसाच्या दाबाची गोळी’ सुरू केली तर सावध व्हा. त्यातली काही औषधे फुप्फुसाच्या व्रणाच्या आजारात तपासली गेली, तेव्हा रुग्णांचे नुकसान झाल्याने चाचण्या थांबवाव्या लागल्या. अशी औषधे मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञानेच ठरवावीत.

मशीनलाही प्रश्न विचारा

‘मशीन खोटे बोलत नाही’ असे म्हणतात. मशीन खोटे बोलत नसेल, पण ती कोणाच्या मापावर बेतली आहे ते विचारा. अमेरिकेत गुलामीच्या काळात सॅम्युअल कार्टराइट नावाचा डॉक्टर होता. पळून जाणाऱ्या गुलामांना ‘पळण्याचा आजार’ आहे असे लिहिणारा हाच. त्याने स्पायरोमीटर हाती घेतला आणि काळ्या माणसाची फुप्फुसे जन्मतःच कमी ताकदीची असल्याचा दावा केला. म्हणजे मळ्यावर राबवणे त्याच्या हिताचेच! ‘वंशानुसार दुरुस्ती’ पुढे यंत्रांत शिरली. 1999 मध्ये बाल्टिमोरच्या न्यायालयात ॲस्बेस्टॉसच्या एका कंपनीने काळ्या कामगारांना भरपाईसाठी वेगळी, जास्त कडक मोजपट्टी लावावी असा प्रयत्न केला. कारण त्यांचे ‘नॉर्मल’च मुळी कमी!

भारतीय माणसालाही अशीच दुरुस्ती लावली जाते. अनेक यंत्रांत गोऱ्या माणसाच्या मापातून साधारण दहा टक्के वजा करून आपले ‘नॉर्मल’ काढतात. शरीराच्या बांध्याचा थोडा फरक असतोही. पण कुपोषण, चुलीचा धूर आणि लहानपणच्या आजारांनी खुरटलेल्या फुप्फुसाला ‘तुमच्यासाठी हे नॉर्मलच’ म्हणणे म्हणजे अन्यायालाच प्रमाण ठरवणे. 2022 मध्ये वंश न बघणारी नवी समीकरणे आली आणि 2023 मध्ये अमेरिकन छातीरोग संघटनेने तीच वापरा असे सांगितले. आपल्या रिपोर्टवर कोणते समीकरण वापरले ते छापलेले असते. अपंगत्वाचा टक्का किंवा भरपाई ठरत असेल तेव्हा ती ओळ वाचा.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचेही तसेच. 2020 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत काळ्या रुग्णांचा कमी झालेला ऑक्सिजन या यंत्राने जवळपास तिप्पट वेळा चुकवला होता. सावळ्या बोटावर 91 दिसले म्हणून निश्चिंत राहू नका. त्रास जास्त असेल तर धमनीतल्या रक्ताची तपासणी मागा.

आपला दावा पक्का करा

इथे आपल्याच लोकांना एक कडू गोष्ट सांगतो. धापा टाकणाऱ्या प्रत्येकाला सिलिकोसिस आहे असे भाषणात ठोकून देऊ नका. कामण-चिंचोटी पट्ट्यातला दगड बसाल्ट आहे आणि बसाल्टमध्ये क्वार्ट्झ फार कमी असते. खाणमालकाचा वकील हे एक वाक्य बोलेल आणि तुमचा सगळा मोर्चा हसण्यावारी नेईल. उत्तर तयार हवे. बसाल्टची धूळही वर्षानुवर्षे ओढली तर सीओपीडीकडे नेते. आणि खरी सिलिका वाळूत आहे, ग्रॅनाइट आणि कृत्रिम दगडाच्या कटिंगमध्ये आहे, सँडब्लास्टिंगमध्ये आहे, फाउंड्रीच्या साच्यात आहे. नवे टॉवर उभे राहतात तिथे सुके कटर चालवणारा पोरगा सिलिका ओढतो आहे. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. पाणी मारून कटिंग, धूळ ओढणारा पंखा आणि मग मास्क, असा क्रम असतो. मालक उलट्या क्रमाने, फक्त मास्कचा फोटो काढून मोकळा होतो.

नाव पक्के झाले की कायदा हलतो. 1948 च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस हा डॉक्टरने सरकारला कळवलाच पाहिजे असा आजार ठरवला. कर्मचारी भरपाई कायद्याच्या यादीत सिलिकोसिस आणि बिसिनोसिस दोन्ही होते, नव्या संहितांनीही अशी यादी ठेवली आहे. राज्य कर्मचारी विमा योजनेचा पाया ज्या अहवालाने घातला, तो अदारकर अहवाल 1944 चा, बाबासाहेब मजूरमंत्री असतानाचा. पण या यादीत कारणासह लिहिलेले आजार बसतात. नुसता ‘दमा’ लिहून दार उघडत नाही.

राजस्थानने 2019 मध्ये धुळीच्या आजारांसाठी धोरण आणले: निदान झाल्यावर तीन लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख आणि पेन्शन. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राने राजस्थानच्या मागे राहावे काय? आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची आरोग्य योजना आहे. ती माणूस आयसीयूत पडल्यावर पैसे देते. आयसीयूत जाऊ नये म्हणून लागणाऱ्या महिन्याच्या पंपाला आणि घरच्या ऑक्सिजन मशीनला ती हात लावत नाही. ही मशीन साधारण 350 वॅट खाते. रोज 15 तास चालवली तर महिन्याला दीडशे युनिटच्या वर जाते. श्वासाचे बिल महावितरणला भरायचे आणि वीज गेली की जीव मुठीत धरून बसायचे!

मग करायचे काय?

मागण्या अशा मांडूया.

1. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्याच्या केस पेपरवर धंदा, कामाची वर्षे आणि धुळीचा प्रकार हे रकाने सक्तीचे करावेत.
2. सर डी. एम. पेटिट आणि तुळींज या महापालिका रुग्णालयांत स्पायरोमेट्रीचा ठरलेला वार असावा, आणि एकोसाठी तारखेची हमी असावी.
3. टीबीचा कोर्स संपवणाऱ्या प्रत्येकाची स्पायरोमेट्री व्हावी.
4. सफाई कामगार, क्रशर, आरएमसी आणि फाउंड्रीतल्या प्रत्येक कंत्राटी कामगाराची वार्षिक छातीतपासणी मुख्य मालकाच्या खर्चाने व्हावी, आणि रिपोर्टची प्रत कामगाराच्या हातात मिळावी.
5. राज्याने धुळीच्या आजारांचे धोरण आणावे. त्यात पंप, घरचा ऑक्सिजन आणि त्याची वीज धरावी.

आणि आपण? जयंतीच्या शिबिरात वजन, साखर, चष्मा सगळे तपासतो. त्याच टेबलावर एक फॉर्म ठेवा: काय काम केले, किती वर्षे, टीबी किती वेळा, चूल की गॅस, पूल चढताना थांबता का, पाय सुजतात का. आपण डॉक्टर व्हायचे नाही. आपण यादी करायची आणि रुग्णाला तपासणीपर्यंत सोबत न्यायचे. कामाचे पुरावे सांभाळा: हजेरीचा फोटो, गेटपास, ठेकेदाराचे मेसेज, सोबत्यांचे जबाब. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी 90 दिवसांच्या कामावर होते, ती करून घ्या. माहितीच्या अधिकारात विचारा की तालुक्यात सिलिकोसिसचे किती रुग्ण नोंदवले. उत्तर ‘निरंक’ आले, तर त्या कागदाच्या शेजारी तुमची यादी ठेवा.

ज्या सोपाऱ्याच्या भूमीवर आपण राहतो, तिथे 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खोदला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा याच गावी सापडला. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या लेखात माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची व्यवस्था केल्याचे कोरलेले आहे. राज्याने आजाऱ्याचा इलाज करावा ही मागणी या मातीला परकी नाही. वंदनेसाठी आपण त्या स्तूपाकडे जातोच. पुढच्या वेळी वंदना झाली की तिथूनच ती यादी घेऊन महापालिकेवर चला.

जय भीम!